एक संगणक, दोन पडदे

बचत गटाचा हिशेब संगणकावर चढवायचा, तर पडद्यावर दोन पाने उघडावी लागतात. एक बँकेच्या खात्याचा उतारा, दुसरा आपला तक्ता. पडदा एकच असला की एक पान उघडावे तर दुसरे झाकते. आकडा डोक्यात धरायचा, पान बदलायचे, मग लिहायचे. तेवढ्यात १,२६० चे १,६२० होतात! आमच्या वर्गातल्या एका बाईंचे तसेच झाले. ३६० रुपयांचा फरक शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. गटात कुजबुज झाली ती वेगळीच.

आमच्याकडे स्वस्तातला एक संगणक होता. देणगीत आलेले दोन जुने मॉनिटर पडून होते. म्हटले, दोन्ही लावू या.

मॉनिटर म्हणजे नुसता पडदा. चित्र तयार होते ते संगणकाच्या पेटीत. तिथून ते वायरीने पडद्याकडे जाते. म्हणून आधी पेटीची मागची बाजू पाहावी. स्वस्त संगणकाला पुष्कळदा दोन तऱ्हेची तोंडे असतात. एक बहुधा निळे, तीन ओळींत १५ भोकांचे. ते व्हीजीए, १९८७ सालचे. दुसरे लहान आणि चपटे, ते एचडीएमआय. जुन्या मॉनिटरला बहुतेक व्हीजीएच असते. पहिला मॉनिटर सरळ लागला. दुसऱ्याचे काय?

इथे आम्ही फसलो. एकाची दोन तोंडे करणारी वायर आणली. दोन्ही पडदे उजळले, पण दोहोंवर चित्र तेच! मग कन्व्हर्टर आणला, तो उलटा निघाला. पडदा काळाच. पैसे गेले ते गेले.

असे का झाले? एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात येते. व्हीजीएला मात्र कमीजास्त होणारा विजेचा दाब कळतो. एकाची भाषा दुसऱ्याला समजत नाही. म्हणून मध्ये दुभाषा लागतो, तोच कन्व्हर्टर. पण हा दुभाषा एकाच दिशेने बोलतो. दुकानात ‘एचडीएमआयकडून व्हीजीएकडे’ असे स्पष्ट सांगून मागावा. मॉनिटरला डीव्हीआय नावाचे रुंद, पांढरे तोंड असेल तर बरेच झाले. तिथे साधी एचडीएमआय-डीव्हीआय वायर चालते.

वायर लावताना संगणक आणि मॉनिटर बंद ठेवा. बसत नसेल तर दाबू नका, तोंड उलटे धरले असेल. व्हीजीएची एखादी काडी वाकली की रंग जातो. निळा गेला तर पांढरे पान पिवळे दिसते. मात्र मधल्या ओळीतली एक काडी काही वायरींना मुळातच नसते. ती तुटली म्हणून दुकानदाराशी भांडू नका बरे! दोन्ही बाजूंचे स्क्रू बोटांनीच आवळा.

आता संगणक सुरू करा. विंडोज असेल तर विंडोजची कळ दाबून धरा आणि पी दाबा. ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘डुप्लिकेट’ निवडलेत तर दोन्हीकडे पुन्हा तेच चित्र येईल. पडदा काळाच राहिला तर मॉनिटरच्या बटणाने योग्य तोंड निवडले आहे का, ते पाहा. पेटीत वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर दोन्ही वायरी त्या कार्डालाच लावा.

आमचा एक मॉनिटर चौकोनी, दुसरा रुंद आणि बुटका. बुटक्याखाली जुन्या दोन हिशेबवह्या ठेवल्या. डावीकडे उतारा, उजवीकडे तक्ता. बाई आता बोट ठेवून आकडा वाचतात, आणि शेजारीच लिहितात.