अंबरनाथचे शिवमंदिर

युरोप खंडातील इटली देशात पिसा नावाचे एक शहर आहे. तेथील झुकता मनोरा पाहण्यासाठी जगाच्या कानाकोपऱ्यांतून प्रवासी येतात. त्या मनोऱ्याशेजारी एक भव्य प्रार्थनामंदिर आहे. त्याचे बांधकाम १०६३ च्या सुमारास सुरू झाले. इंग्लंडमधील वेस्टमिन्स्टरचे जुने प्रार्थनामंदिर १०६५ मध्ये उघडण्यात आले. ही स्थळे पाहिल्यावाचून त्या देशांचा प्रवास पुरा झाला, असे कोणी मानीत नाही.

त्याच काळात आपल्या महाराष्ट्रातही कसबी कारागीर दगडाला आकार देत होते. त्यांनी उभारलेले एक मंदिर मुंबईहून लोकलगाडीने जाऊन एका दिवसात पाहून येता येते. ते म्हणजे अंबरनाथचे शिवमंदिर होय. त्यावरील शिलालेखात १०६० या सालाशी जुळणारे शक आहे. म्हणजे पिसाच्या प्रार्थनामंदिराचा पाया घातला जाण्यापूर्वीच या मंदिराच्या तुळईवर अक्षरे कोरली जात होती! तरीही त्याच्या शेजारून रोज ये-जा करणारे कितीतरी लोक म्हणतात, ''आमच्याकडे पाहण्यासारखे असे काय आहे?''

चला तर, आपण पाहुण्याच्या डोळ्यांनी हा प्रदेश पाहू या.

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली गाडी उल्हासनगरला येते. या शहरात प्राचीन इमारती नाहीत. परंतु या शहराचा जन्म हाच इतिहासातील एक मोठा प्रसंग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे सैन्याची छावणी होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना या छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. आपली घरे, शेते, देवळे सिंधमध्येच सोडून आलेल्या या माणसांनी येथे नव्याने संसार थाटले, उद्योग उभारले. बरोबर आणता आली ती आपली भाषा, आपली श्रद्धा आणि झुलेलालच्या जयंतीचा चेटीचंडसारखा सण. पूर्वजांनी बांधलेली वास्तू मात्र कोणालाही गाठोड्यात बांधून आणता येत नाही. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. कारण पुढच्याच स्थानकावर तिचे महत्त्व आपल्याला कळणार आहे.

उल्हासनगरनंतर अंबरनाथ येते आणि त्याच्यापुढे उल्हास नदीच्या काठी वसलेले बदलापूर. या गावी वाटसरू आपले घोडे बदलीत, म्हणून त्याचे नाव बदलापूर पडले, असे लोक सांगतात. या आख्यायिकेला पुरावा असो वा नसो, घाटाकडून बंदरांकडे जाणाऱ्या वाटा या भागातून जात होत्या, याची आठवण ती करून देते. अशा रहदारीच्या प्रदेशातच अंबरनाथचे मंदिर उभे राहिले.

अंबरनाथ स्थानकावर उतरून पूर्वेकडे थोडे चालले की वालधुनी नदीच्या काठी हे मंदिर दिसते. त्याचे तोंड पश्चिमेकडे आहे. काळ्या दगडाचा हा ढीगच आहे की काय, असे दुरून पाहणाऱ्यास क्षणभर वाटते. पण जसजसे जवळ जावे, तसतसा तो दगड बोलू लागतो. मंदिराची भिंत सरळ नाही. ती ठिकठिकाणी थोडी पुढे येते, पुन्हा मागे जाते आणि तिला असंख्य कोपरे पडतात. असे का केले असेल बरे? सपाट भिंतीवर ऊन एकसारखे पडते; परंतु कोपऱ्यांच्या भिंतीवर ऊन आणि सावली यांचा खेळ चालतो. शिवाय प्रत्येक कोपऱ्याने मूर्तीसाठी एक नवी जागा मिळते. या जागांत शिव, पार्वती, गणेश, ब्रह्मदेव, नृत्यात रमलेल्या स्त्रिया अशा कितीतरी मूर्ती कोरलेल्या आहेत. गजासुराचा वध करणारा शिवही येथे आहे. खालच्या थरांत हत्तींच्या आणि माणसांच्या रांगा दिसतात. जणू साऱ्या मंदिराचा भार त्यांनीच पेलला आहे!

शिखराची रचनाही पाहण्याजोगी आहे. चारी बाजूंनी चार उभे पट्टे वर चढत जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेल्या आहेत. या पद्धतीला भूमिज शैली असे म्हणतात. माळवा आणि महाराष्ट्र या प्रदेशांत या शैलीची मंदिरे आढळतात. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर हे तिचे आणखी एक सुंदर उदाहरण आहे. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग मात्र ढासळून गेला आहे.

आता आत जाऊ. मंडप सुमारे २३ फूट लांबरुंद असून त्याला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन दिशांनी द्वारे आहेत. मधोमध नक्षीने भरलेले चार खांब आहेत. मान वर करून पाहिले, तर छताचा घुमट एकात एक बसवलेल्या वर्तुळांनी आकाराला आलेला दिसतो. मंडपातून गाभाऱ्यात जायचे तर पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. सुमारे २० पायऱ्या उतराव्या लागतात. खाली गारवा आणि शांतता असते. शिखर भंगल्यामुळे वरून उजेडाचा झोत येतो. अंबर म्हणजे आकाश. येथे उभे राहून वर पाहताना हा अर्थ सहजच मनात येतो.

हे मंदिर कोणी व केव्हा बांधले, हे आपल्याला कसे कळले? त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. उत्तरेकडील द्वाराच्या तुळईवर एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे प्रसिद्ध वैद्य आणि विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला. त्यातील शकाचा आकडा त्यांना ७८२ असा वाटला. त्यावरून मंदिर इसवी सन ८६० चे ठरले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा बारकाईने तपासला. पहिला अंक ७ नसून ९ आहे, असे त्यांनी दाखवून दिले. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. एका अंकाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले!

हे वाचन बरोबर कशावरून? लेखात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणी राजाचा उल्लेख आहे. त्याचा थोरला भाऊ छित्तराज याचा एक ताम्रपट भांडुप येथे मिळाला असून तो शके ९४८, म्हणजे १०२६ सालचा आहे. थोरला भाऊ १०२६ मध्ये राज्य करीत असेल, तर धाकटा भाऊ ८६० मध्ये कसा असेल? विशेष हे की, भगवानलाल यांनी भाऊ दाजींच्या हाताखालीच काम केले होते. गुरूचे वाचन शिष्याने सुधारले, यात गुरूचा अनादर नव्हता. सत्य शोधण्याची गुरूने लावलेली ओढच त्यातून प्रकट झाली.

या मंदिराशी विद्यार्थ्यांचेही एक नाते आहे. १८६८ मध्ये मुंबई सरकारने या मंदिराची नोंद करण्याचे ठरवले, तेव्हा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी आपल्या शिक्षकाबरोबर येथे आले. त्यांनी खांबांची, मूर्तींची आणि नक्षीची चित्रे काढली व साचे घेतले. ज्याला एखाद्या मूर्तीचे चित्र काढायचे असते, त्याला ती नुसती पाहून चालत नाही. तिचे प्रत्येक बोट, प्रत्येक अलंकार न्याहाळावा लागतो. त्या मुलांनी हे मंदिर जितके नीट पाहिले, तितके फार थोड्यांनी पाहिले असेल.

आज हे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. येथे अजूनही पूजा चालते आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. परंतु दगडालाही आयुष्य असते. जवळजवळ एक हजार पावसाळे या मूर्तींनी अंगावर घेतले आहेत. कित्येकींचे चेहरे झिजून गेले आहेत. पावसाला आपण थांबवू शकत नाही. पण माणसाच्या हाताने होणारी हानी थांबवणे आपल्या हाती आहे. ज्या वालधुनीच्या काठी कारागिरांनी ही जागा निवडली, तिचे पाणी कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याने काळवंडले आहे. भिंतीवर आपले नाव ओरखडणाऱ्याला वाटते, आपण अमर झालो. पण ज्या कारागिरांनी हे सारे घडवले, त्यांची नावे मूर्तींखाली शोधूनही सापडत नाहीत. त्यांनी नाव मागे ठेवले नाही, काम ठेवले.

मुलांनो, सिंधमधून आलेल्या लोकांची गोष्ट आता पुन्हा आठवा. आपल्या पूर्वजांच्या वास्तू त्यांना दूर राहिल्या. आपल्या भाग्याने अंबरनाथचे मंदिर आपल्या दाराशी आहे. एखाद्या सुटीच्या दिवशी वही आणि पेन्सिल घेऊन तेथे जा. साऱ्या मंदिराचे नव्हे, एकाच लहानशा मूर्तीचे चित्र काढा. हाताने दगडाला स्पर्श करू नका. डोळ्यांनी मात्र तिची प्रत्येक रेषा टिपा. मग पुढच्या वेळी घरी पाहुणा येईल, तेव्हा ''आमच्याकडे पाहण्यासारखे काही नाही'' असे तुम्ही म्हणणार नाही. तुम्हीच पुढे होऊन त्याला वाट दाखवाल.