अभिजात नौका : खरेदी व परीक्षण

जुन्या काळी बांधलेल्या व जतन करण्याजोग्या, बहुधा लाकडी, विहारनौकांना सामान्यतः अभिजात नौका म्हणतात. अमेरिकेत १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी’ या संस्थेच्या वर्गीकरणानुसार १९१८ पर्यंतच्या नौका ऐतिहासिक, १९१९–४२ मधील पुरातन व १९४३–७५ मधील अभिजात होत. ख्रिस-क्राफ्ट, हॅकर-क्राफ्ट, गार वुड इत्यादींच्या महॉगनीच्या मोटरनौकांना संग्राहकांत विशेष मागणी असते.

अशा नौकेचे बाह्यरूप फसवे असू शकते. रोगणाची झिलई पृष्ठभागापुरतीच असते. सुरक्षितता मात्र कणा, फासळ्या व तळाच्या फळ्या यांवर अवलंबून असते. लाकूड कुजविणाऱ्या कवकांना खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेले पावसाचे पाणी अधिक मानवते. त्यामुळे डेकखालील सांधे काळजीपूर्वक तपासतात. टोच्याने टोचून मऊ पडलेले लाकूड ओळखतात व काही स्क्रू काढून त्यांची झीज पाहतात. दीर्घकाळ कोरडी राहिलेली नौका पाण्यात उतरविल्यावर प्रथम गळते. फळ्या फुगल्यावर गळती कमी होते. तशी ती न झाल्यास तळ सदोष असण्याचा संभव असतो.

मूळ एंजिन व नौकाक्रमांक कायम असल्यास मूल्य वाढते. ख्रिस-क्राफ्टच्या नौकांची मूळ नोंदपत्रे व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्यूझीयममध्ये असून त्यांवरून विक्रेत्याचे म्हणणे पडताळता येते. तळ बदलण्याचा खर्च कित्येकदा खरेदीच्या किंमतीहूनही अधिक होतो. म्हणून स्वतंत्र परीक्षकाच्या अहवालाखेरीज व्यवहार करणे धोक्याचे ठरते.