गिट सर्व्हरला इश्यू आणि कोड रिव्ह्यूची जोड: संशोधनाच्या कोडला याची गरज का आहे?

मागच्या लेखात आपण विभागातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर गिटचा साधा सर्व्हर कसा उभा करायचा ते पाहिलं. एक बेअर रिपॉझिटरी, चार जणांच्या एसएसएच किल्ल्या, बस्स. पुश होतं, पुल होतं, जुनी आवृत्ती परत मिळते. मग आणखी काय हवं? आज त्याबद्दलच बोलू.

गिट एका प्रश्नाचं उत्तर फार चोख देतं: कोणी, कधी, काय बदललं. पण संशोधनात आणखी दोन प्रश्न येतात. का बदललं? आणि बदलणाऱ्याशिवाय ते दुसऱ्या कोणी वाचलं का? पहिल्याचं उत्तर इश्यूमध्ये असतं, दुसऱ्याचं कोड रिव्ह्यूमध्ये. या दोन्ही गोष्टी गिटमध्ये नाहीत. गिट २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिहिलं ते आवृत्त्या सांभाळण्यासाठी. इश्यू आणि रिव्ह्यू आपल्याला सर्व्हरवर वेगळ्याने बसवावे लागतात.

एका आकड्याची गोष्ट

उदाहरण आपल्या बीड जिल्ह्याच्या कामाचंच घेऊ. गावाचा पाण्याचा ताळेबंद तुम्ही ऐकला असेल. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ पासून राबवला गेला. त्यात बीडसह मराठवाड्यातले सगळे जिल्हे होते. या प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरवर चालणारं ताळेबंदाचं साधन तयार केलं. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकाला किती लागेल, हे गावनिहाय मांडायचं. आपल्याकडचे अनेक विद्यार्थी याच विषयावर स्वतःचा छोटा-मोठा पायथॉन कोड लिहितात.

आता वाहून जाणारं पाणी, म्हणजे अपधाव, काढायची एक प्रसिद्ध पद्धत आहे, कर्व्ह नंबरची. अमेरिकेच्या मृदा संवर्धन सेवेने ती १९५० च्या दशकात बसवली. कर्व्ह नंबरवरून जमिनीची साठवण निघते: २५४०० भागिले कर्व्ह नंबर, वजा २५४, उत्तर मिलिमीटरमध्ये. त्या साठवणीचा काही हिस्सा भरल्याशिवाय पाणी वाहायला लागत नाही. हा हिस्सा मूळ पद्धतीत ०.२ धरतात. भारतात माती आणि ओलाव्याप्रमाणे ०.१ किंवा ०.३ धरायचीही पद्धत आहे.

समजा कर्व्ह नंबर ८० आहे आणि एका दिवसात ६० मिलिमीटर पाऊस झाला. साठवण येते ६३.५ मिलिमीटर. हिस्सा ०.२ धरला तर अपधाव साधारण २०.२ मिलिमीटर. ०.३ धरला तर १६.१. फरक चार मिलिमीटरचा, म्हणजे दिसायला काहीच नाही. पण १००० हेक्टरच्या शिवारावर १ मिलिमीटर म्हणजे १०,००० घनमीटर. म्हणजे एका पावसात ४१ हजार घनमीटरचा फरक पडला, चार कोटी लिटरच्या वर. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात उतार धरून साधारण दोन हजार घनमीटर पाणी मावतं. म्हणजे कोडमधल्या एका आकड्यावर वीसेक शेततळ्यांचं पाणी कागदावर उगवतं किंवा आटतं.

आता कल्पना करा, तुमच्या सीनियरने दोन वर्षांपूर्वी हा ०.२ बदलून ०.३ केला. कमिटचा संदेश आहे "अपडेट". सीनियर नोकरीला लागला, गाइड सरांना आठवत नाही. तुम्ही त्याच कोडवर प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहिताय. परीक्षकाने विचारलं, "०.३ का?" तर गिट तारीख सांगेल, नाव सांगेल. कारण सांगणार नाही.

इश्यू म्हणजे नेमकं काय?

इश्यू म्हणजे क्रमांक असलेली एक नोंद. चूक सापडली, शंका आली, काही बदलायचं ठरलं, की आधी नोंद उघडायची. तिला शीर्षक, वर्णन, कोणाकडे काम आहे त्याचं नाव, आणि खाली चर्चा. काम संपलं की नोंद बंद होते, पण पुसली जात नाही. मोझिलाच्या प्रोग्रामरांनी १९९८ मध्ये बगझिला खुलं केलं तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ही सवय पक्की झाली.

व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा होते की, मग हे कशाला? कारण ग्रुपवरची चर्चा वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली जाते. सहा महिन्यांनी शोधून दाखवा. शिवाय ती चर्चा कोडच्या ओळीला जोडलेली नसते.

चांगली नोंद कशी असते? "पाऊस चुकतोय" हे शीर्षक कुचकामी. हे बघा: "स्वयंचलित केंद्राचा रोजचा पाऊस हवामान खात्याच्या आकड्याशी जुळत नाही." वर्णनात: कुठलं मंडळ, कुठली तारीख, कोडने काय उत्तर दिलं, काय यायला हवं होतं, आणि कोणत्या कमिटवर हे दिसलं. या विशिष्ट गोंधळाचं कारणही सांगून ठेवतो. हवामान खातं रोजचा पाऊस सकाळी साडेआठला, मागच्या २४ तासांचा म्हणून नोंदवतं. तासातासाची नोंद घेऊन तुम्ही मध्यरात्र ते मध्यरात्र बेरीज केली, तर रात्रीचा पाऊस वेगळ्या तारखेत जातो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, पण जोडताना घोळ होतो. ही गोष्ट एकदा नोंदीत लिहिली की पुढच्या विद्यार्थ्याचे आठ दिवस वाचतात.

आणि एक. निर्णयाचीही नोंद ठेवा, फक्त चुकांची नको. "काळ्या जमिनीसाठी ०.३ घ्यायचा का?" ही उत्तम नोंद आहे. त्याखाली कोणत्या पुस्तिकेचा आधार, सरांचं मत, शेवटी काय ठरलं ते लिहा. प्रबंधातला पद्धतीचा भाग अर्धा इथेच लिहून होतो.

कोड रिव्ह्यू: दुसरी नजर

रिव्ह्यूची पद्धत साधी आहे. मुख्य ब्रँचवर कोणी थेट पुश करायचं नाही. वेगळ्या ब्रँचवर बदल करायचा आणि पुल रिक्वेस्ट उघडायची. दुसरा माणूस जुन्या-नव्या ओळी शेजारी शेजारी बघतो, हव्या त्या ओळीखाली प्रश्न लिहितो, पटलं की मंजुरी देतो. मगच मर्ज. आयबीएमच्या मायकेल फॅगनने कोड तपासण्याची शिस्तबद्ध पद्धत १९७६ मध्ये मांडली होती, तेव्हा कागदावर छापून बैठकीत वाचायचे. आता तेच काम ब्राउझरमध्ये होतं.

संशोधनात हे किती महागात पडतं याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असावं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर एक निबंध लिहिला. जगभरात काटकसरीच्या धोरणाला त्याचा आधार दिला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ते आकडे पुन्हा काढून पाहिले. जुळेनात. लेखकांकडून एक्सेल फाइल मागवली, तर सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. वजन देण्याच्या पद्धतीवर आणि काही वर्षं वगळण्यावरही त्याचे आक्षेप होते. सगळं धरून, जास्त कर्ज असलेल्या देशांची वाढ उणे ०.१ टक्क्याऐवजी २.२ टक्के निघाली. त्या फाइलवर दुसरी नजर पडायला तीन वर्षं लागली, आणि ती नजर होती तुमच्या-आमच्यासारख्या एका विद्यार्थ्याची.

रिव्ह्यू करताना काय बघायचं? माझी यादी अशी:

- एकक: मिलिमीटर की सेंटिमीटर, हेक्टर की एकर?
- रिकामी जागा: नोंद नाही आणि पाऊस नाही, हे दोन वेगळे आहेत. रिकाम्या घराला कोडने शून्य धरलं की दुष्काळ तयार होतो.
- सीमा: आपल्याकडे अतिवृष्टीसाठी २४ तासांत ६५ मिलिमीटरची खूण धरतात. कोडमध्ये "६५ पेक्षा जास्त" आहे की "६५ किंवा जास्त"?
- उघडे आकडे: मधेच ०.३ लिहिलंय, त्याला नाव आहे का, कारणाचा इश्यू क्रमांक आहे का?
- फाइलचा पत्ता: तुमच्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवरची फाइल दुसऱ्याकडे कशी सापडेल?

बदल छोटे ठेवा. एकदम हजार ओळी समोर आल्या की माणूस वाचत नाही, "ठीक आहे" लिहून मोकळा होतो.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. सीनियरच्या किंवा सरांच्या कोडवर शंका कशी काढायची? आपल्याकडे याचा संकोच मोठा. म्हणून प्रश्न माणसाला नाही, ओळीला विचारा. "तुम्ही चुकलात" असं नको. "या ओळीत पाऊस शून्य आला तर भागाकार कसा होईल?" असं विचारा. आणि नियम सगळ्यांना सारखा ठेवा. सरांनी एकदा स्वतःचा बदल पुल रिक्वेस्टने पाठवला की ज्युनियरची भीड आपोआप चेपते.

सर्व्हरवर बसवायचं कसं?

पर्याय बरेच आहेत. रेडमाइनमध्ये इश्यू उत्तम, पण रिव्ह्यूची सोय मुळात नाही. गेरिट रिव्ह्यूसाठी भक्कम, पण त्यात इश्यू नाहीत. गिटलॅबमध्ये सगळं आहे, पण त्याला मेमरी बरीच लागते. मोठ्या गटांना ते परवडतं. आपल्याच मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय. त्या लायगोचे जगभरातले शास्त्रज्ञ आपला कोड स्वतःच्या गिटलॅब सर्व्हरवरच ठेवतात. चार-पाच विद्यार्थ्यांच्या विभागाला मी गिटी किंवा त्यातूनच २०२२ मध्ये वेगळं झालेलं फोर्जेजो सुचवेन. एकच फाइल चालवायची, डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट पुरतं, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. आणि इंटरनेट गेलं तरी कॉलेजच्या लॅनवर काम थांबत नाही.

क्रम असा ठेवा:

१. सर्व्हरवर वेगळा वापरकर्ता तयार करा आणि त्याच्या नावाने गिटी चालवा. रूट म्हणून ते चालतच नाही.

२. ब्राउझरमध्ये सर्व्हरच्या पत्त्यापुढे पोर्ट ३००० दिलं की मांडणीचं पान उघडतं. पहिलं खातं ॲडमिनचं होतं, ते तुम्हीच उघडा. मग बाहेरच्यांची नोंदणी बंद करा.

३. नवी रिकामी रिपॉझिटरी तयार करा आणि जुनीतून 'मिरर' पर्याय लावून पुश करा. सगळ्या ब्रँच आणि टॅग येतात. लगेच जुनी रिपॉझिटरी फक्त वाचण्यापुरती करून टाका, नाहीतर दोन मुख्य प्रती तयार होतील.

४. मुख्य ब्रँचला संरक्षण लावा: थेट पुश बंद, किमान एक मंजुरी हवी. स्वतःच्या पुल रिक्वेस्टला स्वतः मंजुरी देता येत नाही.

५. इश्यूचा साचा तयार ठेवा, वर सांगितलेल्या मुद्द्यांचा.

६. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात इंग्रजीतलं 'क्लोजेस', मग पाउंडचं चिन्ह आणि इश्यूचा क्रमांक लिहा. मर्ज होताच तो इश्यू बंद होतो आणि दोघांची गाठ कायमची बसते.

बॅकअप: इथे घोळ होतो

गिटमध्ये प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण इतिहास असतो. सर्व्हर जळाला तरी कोड वाचतो. पण इश्यू आणि रिव्ह्यूची चर्चा गिटमध्ये नसते, ती सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असते. क्लोन केल्याने ती येत नाही. म्हणजे डिस्क गेली तर "काय" उरेल आणि "का" जाईल. गिटीचा 'डंप' हा आदेश रिपॉझिटरी आणि डेटाबेस एकत्र बांधून देतो. तो रोज रात्री आपोआप चालू द्या, फाइल दुसऱ्या डिस्कवर न्या, आणि महिन्यातून एकदा ती उघडून परत उभी करून बघा. लाइट जाण्याचं प्रमाण पाहता यूपीएस हवाच.

एवढं करून काय होत नाही?

रिव्ह्यूने सगळ्या चुका सापडत नाहीत. मूळ आकडेच चुकीचे असतील तर दोघंही मान डोलावतील. म्हणून हाताने सोडवलेलं एक उदाहरण कोडसोबत ठेवा. वरचंच घ्या: कर्व्ह नंबर ८०, पाऊस ६०, हिस्सा ०.२, उत्तर २०.२. प्रत्येक बदलानंतर कोडने हे उत्तर दिलंच पाहिजे. हे आपोआप तपासून कसं घ्यायचं ते पुढच्या लेखात बघू.

तोवर एक करा. तुमच्या कोडमधला असा एक आकडा शोधा ज्याचं कारण आज तुम्हाला सांगता येतं, पण कुठेही लिहिलेलं नाही. त्याची पहिली नोंद उघडा. पहिला इश्यू हाच.