लहान गांवचें चित्रपटगृह

महाराष्ट्रांतील एखाद्या तालुक्याच्या गांवीं एस. टी.च्या स्थानकापासून पेठेकडे चालत निघालें, म्हणजे पुष्कळदां वाटेंत एक उंच, बिनखिडक्यांची इमारत लागते. दर्शनी भिंतीवर ‘टॉकीज’ हीं अक्षरें अजून वाचतां येतात. तिकिटांच्या खिडकीवर मात्र पत्रा ठोकलेला असतो, आणि आंत खताचीं पोतीं किंवा मांडववाल्याचीं भांडीं रचलेलीं असतात. हीं गृहें कां मिटलीं, या प्रश्नाला ‘दूरचित्रवाणीमुळें’ असें एका शब्दांत उत्तर देण्याचा प्रघात आहे. तें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. लहान गांवचें चित्रपटगृह जगलें तें चित्रपटाच्या प्रतींच्या टंचाईवर. प्रती थोड्या आणि गांवें फार, म्हणून चित्र गांवोगांव फिरे आणि गांव त्याची वाट पाही. जोंवर वाट पाहण्यावांचून गत्यंतर नव्हतें, तोंवर चित्रपटगृह चाललें.

हिंदुस्थानांत चलच्चित्रें प्रथम दिसलीं तीं ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत. त्यानंतर सतरा वर्षांनीं, ३ मे १९१३ रोजीं, गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. त्याच वर्षीं त्यांनीं आपला कारखाना नाशकास नेला. त्या काळीं मोठीं शहरें सोडल्यास कायमचीं चित्रपटगृहें विरळाच होतीं. म्हणून चित्रच लोकांकडे जाई. यंत्र, पडदा आणि फिल्मचे डबे बैलगाडींत घालावयाचे, जत्रेच्या मैदानांत तंबू ठोकावयाचा, आणि अंधार पडला कीं खेळ सुरू करावयाचा, असा क्रम असे. मूकपट असल्यानें पडद्याशेजारीं पेटी-तबला वाजे, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठीं एकजण पडद्यावरचा मजकूर मोठ्यानें वाचून दाखवी. दिवाळीनंतर तंबू बाहेर पडत. मृगाचा पाऊस आला कीं ते गुंडाळून ठेवावे लागत. चित्रपटाचें वर्ष हें अशा रीतीनें शेतीच्या वर्षाशीं आरंभापासूनच जोडलें गेलें.

तंबूच्या पाठोपाठ भिंती आल्या, आणि त्या पुष्कळदां नाटकाच्याच होत्या. नाशिकचें विजयानंद हें याचें ठळक उदाहरण होय. २१ डिसेंबर १९०९ रोजीं तेथें ‘संगीत शारदा’ नाटकाच्या वेळीं अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या, आणि त्या नाट्यगृहाचें नांव इतिहासांत राहिलें. पुढें त्याच नांवानें तेथें चित्रपटगृह चाललें. या पालटाचें कारण साध्या हिशेबांत होतें. नाटक मंडळीचा मुक्काम म्हणजे केवढें तरी बिऱ्हाड, त्याचें जेवणखाण आणि सामानाच्या गाड्या. चित्रपटाला डबे आणणारा एक हमाल आणि यंत्र चालविणारा एक माणूस एवढे पुरत. शिवाय तोच खेळ दिवसांतून दोनदां-तीनदां करतां येई.

या इमारतींचें रूप मात्र पुष्कळसें कायद्यानें घडविलें. त्या वेळची फिल्म नायट्रेटची असे. ती अत्यंत ज्वालाग्राही. एकदां पेटली कीं पाण्यानेंहि विझावयाची नाहीं. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानें खेळासाठीं परवाना आवश्यक ठरविला, आणि प्रेक्षकांची सुरक्षितता ही परवान्याची प्रमुख अट झाली. म्हणून यंत्राची खोली जाड भिंतींची असे. तिला प्रेक्षागृहाकडे केवळ लहान झरोके ठेवीत, आणि आग लागतांच त्यांवर पडतील अशीं लोखंडी झांकणें बसवीत. १९५० च्या सुमारास बिनधोक फिल्म सर्वत्र आली, तरी इमारतींचा घाट तोच राहिला. मुंबई इलाख्यांत १९२३ च्या कायद्यानें करमणुकीवर कर बसला होता. तेव्हांपासून तिकिटाच्या प्रत्येक पैशांत सरकारहि वांटेकरी होतें.

१४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें ‘आलम आरा’ बोलूं लागला, आणि पुढच्याच वर्षीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठी बोलला. पेटीवाल्याची आणि मजकूर वाचणाराची गरज संपली. उलट यंत्राला ध्वनिक्षेपक आणि खात्रीची वीज लागूं लागली. धंद्यांत भांडवल घालणें भाग पडलें. ज्या गांवीं वीज आली आणि कापसाचा, गुळाचा किंवा उसाचा पैसा खेळत होता, तेथें टॉकीज उभी राहिली. १९३६ सालीं ‘संत तुकाराम’ आला, तेव्हां एरवीं चित्रपटाला नाक मुरडणारीं माणसेंहि या दारांतून आंत गेलीं.

आतां हा धंदा प्रत्यक्षांत कसा चाले तें पाहण्यासारखें आहे. बोलपटाची एक हजार फूट फिल्म सुमारें अकरा मिनिटें चालते. अडीच तासांच्या चित्राला साडेतेरा हजार फूट, म्हणजे पत्र्याच्या डब्यांची चांगली मोठी चळत. बऱ्या चित्रपटगृहांत दोन यंत्रें असत. एकावरचें रीळ संपत आलें, कीं पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यांत क्षणभर एक ठिपका चमके. तीच यंत्रचालकाची खूण, आणि तो दुसरें यंत्र सुरू करी. ज्याच्यापाशीं एकच यंत्र, त्याच्याकडे रीळ बदलेपर्यंत दिवे लागत आणि तेवढ्यांत शेंगदाणेवाला एक फेरी मारून घेई.

अशी एक प्रत काढणें महाग पडे, म्हणून वितरक मोजक्याच प्रती काढी. त्या प्रथम मुंबई-पुण्यास लागत. तेथील गर्दी ओसरली कीं जिल्ह्याच्या गांवीं, मग तालुक्याला, आणि अखेरीस तंबूंत. आगगाडीनें आणि १९४८ सालीं एस. टी. सुरू झाल्यावर तिच्या टपावरून हे डबे प्रवास करीत. गाडी चुकली तर त्या दिवशींचा पहिला खेळ चुके. तालुक्याला येईपर्यंत प्रत झिजलेली असे. पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा दिसत, आणि तुटलेली फिल्म सांधतांना एखाद्या गाण्याचें कडवें गळून जाई. तरीहि लोक येत, कारण तें चित्र पाहण्याचा दुसरा मार्गच नव्हता. मुंबईंत गाजल्याची वार्ता वर्तमानपत्रानें आणि सुटीला आलेल्या पाहुण्यानें आधींच पोंचविलेली असे. टांग्याला फलक बांधून, ताशा वाजवीत गांवांतून फेरी काढली, कीं मालकाची जाहिरात झाली.

या घरांत गांव कसें बसे, हेंहि ध्यानांत घेण्यासारखें आहे. पडद्याजवळ जमिनीवर किंवा बाकांवर स्वस्त तिकिटाचे लोक, त्यांच्या मागें खुर्च्या, वर बाल्कनी, आणि पुष्कळ ठिकाणीं स्त्रियांसाठीं वेगळा भाग. गांवांतील पंगतीची आणि पाणवठ्याची रचना निराळी होती. येथें जागा मुख्यतः तिकिटाच्या दरावरून ठरे. व्यापारी, शिक्षक, हमाल आणि शेतमजूर एकाच अंधारांत एकाच प्रसंगाला हंसत, असें गांवांतील दुसरें छप्पर क्वचितच असेल. १९७५ सालीं ‘जय संतोषी मां’ लागला, तेव्हां बायका जोडे बाहेर काढून आंत येत आणि पडद्यावरील देवीला नाणीं व फुलें वाहत. ती श्रद्धा योग्य कीं अयोग्य हा प्रश्न वेगळा. एका सभागृहाला गांवानें किती आपलें मानलें होतें, एवढें त्यावरून दिसतें.

ऱ्हासाचा आरंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें तेव्हांपासून मोजतात. पण पहिलीं कांहीं वर्षें त्या लहान काळ्यापांढऱ्या पडद्यानें गांवच्या टॉकीजचें फारसें बिघडविलें नाहीं. खरा घाव बसला तो १९८२ नंतर, रंगीत दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ कॅसेट या दोहोंचा. एक खोली, एक संच आणि भाड्याची कॅसेट एवढ्यावर गल्लींत चित्रपट दिसूं लागला. आणि नव्या चित्राची चोरटी कॅसेट मुंबईहून तालुक्याला फिल्मच्या डब्याआधीं येऊन पोंचूं लागली. प्रतींच्या टंचाईवर उभारलेली सारी उतरंड येथें ढांसळली. १९९० नंतर केबलच्या तारेनें उरलेलें काम पुरें केलें.

मालक मग एका चक्रांत सांपडला. कुटुंबें येईनाशीं झालीं, म्हणून उत्पन्न घटलें. उत्पन्न घटलें, म्हणून खुर्च्या, पंखे आणि स्वच्छतागृहें यांची डागडुजी राहिली. डागडुजी राहिली, म्हणून उरलेलीं कुटुंबेंहि दूर गेलीं, आणि केवळ तरुण पुरुषांना ओढतील अशीं चित्रें लावावीं लागलीं. करमणूक कर चालूच होता. २००१ सालीं राज्य सरकारनें करांत मोठी सूट दिली ती नव्या बहुपडदा चित्रपटगृहांना. जुन्या एकपडदा घरांना तिचा लाभ नव्हता.

यानंतरची कलाटणी मोठी विलक्षण आहे. २००५ च्या सुमारास उपग्रहावरून चित्र थेट चित्रपटगृहांत पोंचविण्याची सोय झाली, आणि पुढील दहा वर्षांत फिल्मच्या प्रती जवळजवळ नाहींशा झाल्या. पिढ्यान् पिढ्या मागाहून चित्र पाहणाऱ्या तालुक्याला तें मुंबईबरोबर, त्याच शुक्रवारीं मिळूं लागलें. पण तोंवर कितीतरी दारें बंद झालीं होतीं. जीं उघडीं होतीं त्यांना नवें यंत्र घ्यावें लागलें, आणि चित्र सर्वत्र एकदम लागूं लागल्यानें त्याची कमाई पहिल्या दोन आठवड्यांतच आटूं लागली. शिळें झालेलें चित्र स्वस्तांत आणून महिनाभर चालविण्याचा जुना धंदा संपला. गावाच्या मध्यवस्तींतील जागेला मात्र सोन्याचें मोल आलें होतें. मालकाच्या मुलांना ती विकणें शहाणपणाचें वाटलें, यांत नवल नाहीं. मार्च २०२० मध्यें साथीमुळें राज्यांतील सारीं चित्रपटगृहें बंद झालीं. नोव्हेंबरांत तीं अर्ध्या आसनांवर उघडलीं, पुढील एप्रिलांत पुनः मिटलीं, आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजीं पुनः उघडलीं. पण कित्येकांचें कुलूप त्या दिवशींहि निघालें नाहीं.

यावरून लोकांची हौस संपली असें मात्र ठरत नाहीं. २०१६ सालीं ‘सैराट’ आला, तेव्हां गांवोगांव टॉकीजपुढें पुनः रांगा लागल्या, आणि कांहीं ठिकाणीं मध्यरात्रींनंतरहि खेळ लावावे लागले. आपल्या बोलींतलें, आपल्या शिवारांतलें चित्र असेल तर गांव अजूनहि घराबाहेर पडतें. मोडलें आहे तें पूर्वीचें गणित: आठशें खुर्च्या, दिवसाला तीन खेळ, आणि दुसरें कांहींच नाहीं. त्याच इमारतींत शंभर-दीडशें आसनांचें लहान चित्रपटगृह, आणि उरलेल्या भागांत नाटक, व्याख्यान, शाळांचीं संमेलनें यांसाठीं सभागृह, असा घाट घालतां येण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर पांच टक्क्यांवर आला आहे. स्वस्त तिकिटावर चालणाऱ्या गृहाला तेवढाच आधार.

असा विचार करावयास फार अवधि मात्र नाहीं. जागा एकदां विकली गेली आणि तिच्यावर दुकानांचे गाळे चढले, म्हणजे पेठेच्या मध्यावर चारशें माणसें एका छपराखालीं बसतील एवढी मोकळी भूमि त्या गांवाला पुनः मिळणें कठीण. चित्र तर आतां हातांतल्या फोनवरहि दिसतें. पण शेजारचा माणूस कोठें हंसला आणि कोठें त्यानें डोळे पुसले, हें गांवाला जेथें कळत असे, ती जागा एकदां गेली कीं परत यावयाची नाहीं.