कुंपणाबाहेरचा तळ

ॲनहाइमला डिस्नेलँडपासून पायी जाण्याच्या अंतरावर मोटारघरांच्या तळावर मी चार रात्री राहिलो. रान नव्हतेच, डांबरी पट्टा, हाताच्या अंतरावर शेजाऱ्याची खिडकी आणि महामार्गाची घरघर.

असे तळ शहरात का? वॉल्ट डिस्नेने १९५५ साली संत्र्यांच्या बागांच्या जागी उद्यान उभारले, ते सुमारे १६० एकरांवर. भोवतालची जमीन इतरांची राहिली. तिथे मोटेल व असे तळ आले. या अनुभवातून फ्लोरिडात त्याने सुमारे २७,००० एकर जमीन घेतली. तिथे १९७१ साली कंपनीने स्वतःचाच तळ झाडीत उघडला.

शहरी तळावर पाणी, वीज व सांडपाणी अशा तीन जोडण्या मिळतात. १२० व्होल्टला ३० अँपियर म्हणजे ३,६०० वॅट. एसी चालू असताना मी मायक्रोवेव्ह लावला आणि अंधार झाला. आधी मैल्याची टाकी रिकामी करायची, मग मोरीच्या पाण्याची. त्याने नळी धुऊन निघते.

गाडी हलवायची तर तिन्ही जोडण्या सोडाव्या लागतात, घरातली भांडी बांधावी लागतात. म्हणून इथे भाडे भरतो ते अंतराचे. सकाळी घर जागेवर ठेवून आम्ही चालत निघायचो.