गोठणरोधक द्रवाची गळती : एका बालरोगतज्ज्ञाचे टिपण

गेल्या डिसेंबरात रात्री अकराच्या सुमारास अमेरिकेतील मिशिगनहून माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, घर तापवणाऱ्या यंत्राचा दाब सारखा उतरतोय. जमिनीतल्या नळीला गळती असेल म्हणतात. आमची विंधनविहीर अंगणातच आहे आणि बाळ तेच पाणी पितं." बाळ चौदा महिन्यांचे, वजन दहा किलो. इंदूरच्या थंडीला शेगडी पुरते; त्यामुळे मला आधी ही यंत्रणाच समजून घ्यावी लागली.

जमिनीखाली काही मीटरवर तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते. तेथे पॉलिएथिलीनच्या नळ्यांचे बंद वेटोळे पुरतात किंवा शंभर-दीडशे मीटर खोल छिद्रांत सोडतात. त्यांतून फिरणारा द्रव भूगर्भातील ऊब वर आणतो आणि घरातील पंप ती वाढवून खोल्यांना देतो. कडाक्याच्या थंडीत हा द्रव गोठू नये म्हणून पाण्यात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा गोठणरोधक मिसळतात. तो कोणता, यावरच सारे अवलंबून आहे.

प्रॉपिलीन ग्लायकॉल आपल्या परिचयाचे. कित्येक इंजेक्शनांत विद्रावक म्हणून आपण ते वापरतोच. अगदी लहान मुलांत त्याचा निचरा सावकाश होतो, एवढे भान ठेवले म्हणजे पुरे. एथिलीन ग्लायकॉल मात्र वेगळ्या जातीचे. चवीला गोड असल्याने मूल ते थुंकत नाही. यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजिनेज त्यापासून ग्लायकॉलिक व पुढे ऑक्झॅलिक आम्ल बनवते. प्रथम नशा केल्यासारखी सुस्ती व उलट्या, मग आम्लतेमुळे धाप, आणि अखेर कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या स्फटिकांनी मूत्रपिंडे बंद पडतात. शुद्ध द्रवाची घातक मात्रा किलोमागे सुमारे १.४ मिलिलिटर धरतात. म्हणजे या बाळाला १४ मिलिलिटर, जेमतेम तीन चहाचे चमचे. मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल होते व ते दृष्टीवर घाला घालते. दोन्हींवर उतारा एकच : ते विकर अडवणारे फोमेपिझोल किंवा एथेनॉल, आणि वेळेवर डायलिसिस.

'ग्लायकॉल' म्हटले की आम्हा मध्य प्रदेशातील डॉक्टरांच्या अंगावर काटा येतो. २०२५ मध्ये छिंदवाड्यातील बालके ज्या खोकल्याच्या औषधाने दगावली, त्यात सापडले ते डायएथिलीन ग्लायकॉल, याच कुळातले भावंड. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील ग्लिसरिनमध्येही तेच निघाले होते. परंतु औषधाच्या बाटलीतले विष आणि विहिरीत झिरपलेला द्रव यांचा हिशेब सारखा नाही.

तो हिशेब मी भाचीला करून दाखवला. नळीत चौथा हिस्सा एथिलीन ग्लायकॉल आहे असे धरले, तर १४ मिलिलिटर विष ५६ मिलिलिटर द्रवात असते. भूजलात तोच द्रव हजारपट पातळ झाला तर तेवढ्या विषासाठी बाळाला ५६ लिटर पाणी प्यावे लागेल. शिवाय जमिनीतील जीवाणू ग्लायकॉल लवकर खाऊन टाकतात. मात्र त्यात पाण्यातील प्राणवायू संपतो, लोह व मँगनीज विरघळून वर येतात, आणि गंजरोधक म्हणून मिसळलेले ट्रायअझोल तसेच टिकून राहू शकतात. म्हणून तपासणी होईपर्यंत बाळाला बाटलीचे पाणी द्यायला सांगितले. "उकळून दिलं तर?" तिने विचारले. एथिलीन ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू १९७ अंश. उकळल्याने पाणी उडते, ग्लायकॉल मागे राहते. आपल्या घराघरांतला हा उपाय येथे उलटाच पडतो.

मला खरी धास्ती विहिरीपेक्षा घरातल्या जोडांची होती. पंपाशी नळ्या जेथे जुळतात तेथे ठिबकणारा द्रव पातळ झालेला नसतो. "पंपाखालची फरशी पाहा आणि नळीत काय भरलंय ते बसवणाऱ्याला विचार," असे सांगून मी फोन ठेवला.

दोन दिवसांनी उत्तर आले. जमिनीतले वेटोळे शाबूत होते. तळघरातला एक जोड सैल होऊन पंपामागे थारोळे साचले होते. कागदावर लिहिले होते : मिथेनॉल. बाळ नुकतेच चालू लागलेले, पण जिना उभा असल्याने ते दार नेहमी लोटलेले असे. निव्वळ लोटलेले! आता त्याला वरच्या बाजूने कडी आहे, आणि दाब पाहण्याचा काटा भाची दर रविवारी वाचते.