डिझेलचा कर, माथेरानचे पोते

डिझेलचा ट्रक माथेरानला दस्तुरीच्या पुढे जात नाही. तांदळाचे पोते तेथून घोड्याच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर चढते. पण डिझेलवरचा कर त्या पोत्याच्या दरात आधीच बसलेला असतो.

३० जून २०२४ पर्यंत मुंबई, ठाणे व नवी मुंबई महापालिका क्षेत्रांत डिझेलवर २४ टक्के मूल्यवर्धित कर होता. खालापूर-कर्जतला २१ टक्के. फरक लिटरमागे सुमारे दोन रुपये. तीनशे लिटरची टाकी भरणारा सहाशे रुपयांसाठी नवी मुंबईची हद्द ओलांडून खालापुरात पंपावर थांबणारच! त्यात गैर काय? शासनानेच तो दर ठरवून दिलेला होता.

१ जुलै २०२४ पासून शासनाने दर समान केला, तो महानगरांचा २१ वर उतरवून. आमच्या रायगडला पैचीही सूट नाही. ट्रकवाल्याला निदान पंप निवडता येत होता. दस्तुरीवर पोते उचलणारा आणि तोच तांदूळ संध्याकाळी किलोने विकत घेणारा, त्याने काय निवडायचे?

डिझेल वस्तू व सेवा करात केव्हा आणायचे, याची शिफारस करण्याचे काम संविधानाच्या अनुच्छेद २७९-अ ने परिषदेवर सोपवले आहे. २०१७ मध्ये तो कर लागू झाला, डिझेल मात्र बाहेरच ठेवले गेले. राज्यांना हा महसूल सोडवत नाही.